गिरणगावातील मुले आणि नागरिकत्वाचा अनुभव

नागरिकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात, मग ते कोणत्याही इयत्तेचे असो, एक वाक्य असतेच : राज्यघटनेने सर्व नागरिकांस समान हक्क दिले आहेत. वाक्य खरे आहे, आणि शिक्षकाने ते निःसंकोचपणे शिकवावे. परंतु वर्गात समोर बसलेली तीस-चाळीस मुले हे वाक्य सारख्या कानांनी ऐकत नाहीत. ज्याचे वडील ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत त्या मुलास कचेरी, अर्ज, सही, शिक्का ह्या गोष्टी घरच्या वाटतात. ज्याचे आईवडील दर वर्षी ऊसतोडणीस जातात त्या मुलाच्या लेखी कचेरी म्हणजे बाहेर उभे राहण्याची जागा असते. कायद्याने दोघेही अठराव्या वर्षी मतदार होतील. मात्र त्या दिवसापर्यंत एकाने नागरिकत्वाची मोठी उमेदवारी केलेली असेल आणि दुसऱ्याच्या वाट्यास ती आलेलीच नसेल. ह्या विषमतेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्यासाठी मुंबईतील गिरगाव, दादर, परळ व लालबाग ह्या वस्त्यांचे उदाहरण घेतले आहे. आपल्या शाळा खेड्यांत असताना उदाहरण मुंबईचे का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. कोकणातील, तसेच सातारा-कोल्हापूरकडील ज्या गावांतून परळ-लालबागच्या चाळींत माणसे गेली नाहीत अशी गावे थोडीच निघतील. शिवाय गिरगाव ते दादर हे अंतर चालणारा माणूस दोनेक तासांत तोडतो. तेवढ्या टापूत एकाच शहरातील, एकाच कायद्याखालील मुलांचे अनुभव किती निरनिराळे झाले हे दीडशे वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट पाहावयास मिळते. जे खेड्यात विखुरलेले असते ते तेथे दाटीने दिसते, इतकाच फरक.

सर्व शिक्षकांस ठाऊक असलेल्या एका विद्यार्थ्यापासून आरंभ करू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर दाखल झाले. रजिस्टरात त्या नावापुढे १९१४ हा क्रमांक आहे. २०१७ सालापासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पुढे कुटुंब मुंबईस आले व परळच्या कामगार वस्तीत राहू लागले, आणि मुलाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कूल ह्या सरकारी शाळेत दाखल झाले. शाळा सरकारी असल्याने प्रवेशास कायद्याची आडकाठी नव्हती. तथापि एकदा शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडविण्यास त्यास बोलावले, तेव्हा वर्गातील मुले धावत सुटली. कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते आणि ते विटाळतील अशी त्यांस भीती वाटली. डबे हलविल्यावरच तो मुलगा फळ्यापर्यंत पोहोचू शकला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पटावर नाव असणे आणि फळ्यापर्यंत जाता येणे ह्या दोन गोष्टींत जे अंतर आहे, तेच ह्या लेखाचा विषय होय. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत भाषण करताना, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी दिला. त्या इशाऱ्यामागे असा प्रत्यक्ष अनुभवही होता.

आता वस्त्यांकडे वळू. मुंबईत मुलींच्या शाळांचा आरंभ १८४९ साली झाला. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांच्या सभेने त्या चालविल्या. दादाभाई नौरोजी त्या कार्यात होते, आणि मराठी मुलींच्या शाळेस जगन्नाथ शंकरशेट ह्यांनी आश्रय दिला. गिरगावच्या आसपास राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांस ह्याचा लाभ आधी मिळाला. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. व्याख्याने, वर्गणीचे हिशेब, कार्यकारिणीची निवड ह्या गोष्टी तेथील मुले लहानपणापासून पाहत वाढली. दादर हे मागाहून वसले. पण मध्यमवर्गीय वस्ती, मोकळी मैदाने आणि नव्या विचारांच्या शाळा ह्यांमुळे तेथील मुलांसही हे वातावरण सहज लाभले. बालमोहन विद्यामंदिर तेथेच १९४० साली निघाले. सभेत उठून प्रश्न कसा विचारावा, हे ह्या मुलांस कोणी मुद्दाम शिकविले नाही. ते त्यांस भाषेसारखे आले.

परळ, लालबाग, करी रोड, शिवडी ह्या बाजूस मात्र मुलाची शासनाशी पहिली गाठ पडे ती बहुधा गिरणीच्या फाटकावर. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांच्या आतील मुलास कामावर घेण्यास बंदी केली, म्हणजे सात वर्षांच्या मुलास कामाची मोकळीक होती. तेही दिवसाकाठी नऊ तास. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर आणि १९२२ मध्ये बारा वर्षांवर गेली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ती चौदा झाली. मुलाचे वय ठरविण्यास सरकारी डॉक्टर असे. जन्माची नोंद नसल्याने तो दात, उंची व एकंदर अंगलट पाहून अंदाजाने दाखला देई. एकाच मुलाचे दोन दाखले काढून त्यास दोन गिरण्यांत पाळीपाळीने पाठविण्याचे प्रकारही त्या काळी आढळत. गिरगावातील मुलाचे पहिले सरकारी कागदपत्र शाळेचे प्रगतिपुस्तक असेल. लालबागच्या मुलाचे ते कामास लायक असल्याचे प्रमाणपत्र होते.

ह्यात कालांतराने बदल घडला आणि तो कायद्यानेच घडला, हेही नमूद केले पाहिजे. १९२० साली मुंबई शहरापुरता प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि १९२५ साली महापालिकेने सक्तीचे व मोफत शिक्षण प्रथम एफ व जी ह्या विभागांत सुरू केले. परळ, शिवडी, दादर, वरळी हा गिरण्यांचा मुलूख ह्याच विभागांत येतो. शहरात सर्वांत मागे राहिलेल्या भागापासून सक्तीस आरंभ करणे हा निर्णय शहाणपणाचा होता. श्रीमंत विभागांत सक्ती आधी लावली असती तर आकडे लवकर फुगले असते, पण लाभ ज्यांस हवा होता त्यांस तो मिळाला नसता. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात फेटाळले गेले होते, हे ध्यानात घेता अवघ्या तेरा वर्षांनी गिरणगावात ते प्रत्यक्ष येणे ही थोडी गोष्ट नव्हे.

तरीही घरी अभ्यासास जागा कोठे होती? सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. बी.डी.डी. चाळी त्या ह्याच. प्रत्येक चाळीत ऐंशी खोल्या, आणि एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्यात कधी एक कुटुंब, कधी एक कुटुंब व चार पाहुणे. अशा खोलीतील मुले जिन्यावर, गच्चीवर, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करीत. वरळीतील एका रस्त्यास ह्याच कारणाने अभ्यास गल्ली असे नाव पडले आहे. ह्या गल्लीचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. कौतुक योग्यच आहे. परंतु एका मुलास अभ्यासासाठी खोली आणि दुसऱ्यास गल्ली, ह्या गोष्टीकडे त्या कौतुकाने दुर्लक्ष होऊ नये.

मताधिकाराची कथाही अशीच आहे. मुंबई महापालिकेत प्रारंभी करदात्यांसच मत होते. १९२२ साली महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूस ते मिळाले. गिरणगावातील एका खोलीचे भाडे बहुधा त्याहून कमी असे. त्यामुळे ज्या विभागाच्या श्रमावर शहर चालले होते त्याच विभागातील बहुतेक बापांस शहराच्या कारभारात मत नव्हते, आणि मुलांनी आपल्या बापास मत देताना पाहिले नव्हते. प्रौढ मताधिकाराने महापालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली. मुलाने बापाचे बोट धरून मतदान केंद्रावर जावे, ही साधी गोष्ट; पण काही घरांत ती आज चार-पाच पिढ्यांची आहे आणि काही घरांत तिला एक शतकही झालेले नाही.

एवढ्यावरून गिरणगावातील तरुण नागरिकत्वास पारखा होता असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. त्याने आपली शाळा आपणच काढली होती. ती म्हणजे गावकऱ्यांची मंडळे. एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेत. पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत. ह्या खोलीचे मंडळ असे : अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, दरमहा वर्गणी, सभेचे इतिवृत्त, हिशेबाची वही. जमलेल्या पैशातून गावचे देऊळ, विहीर, पाणंद आणि पुष्कळ ठिकाणी गावच्या शाळेची इमारत उभी राहिली. वाचकांपैकी अनेकांच्या शाळेच्या भिंतीवर मुंबईकर मंडळाच्या देणगीचा दगड असेल; तो एकदा मुलांस वाचून दाखवावा. ज्या तरुणास मुंबईच्या कारभारात मत नव्हते तो लालबागच्या खोलीत बसून आपल्या गावच्या कारभारात मत देत होता, ठराव मांडीत होता, खजिनदारास जाब विचारीत होता. पुढे कामगार संघटनांस जे कार्यकर्ते मिळाले त्यांपैकी अनेकांची तयारी अशाच वह्यांवर झालेली होती.

ह्याच्या जोडीला रात्रशाळा, व्यायामशाळा, भजनी मंडळे व कलापथके होती. ना. म. जोशी ह्यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीचे वर्ग व वाचनालये चालविली. परळचा दामोदर हॉल तिच्याच कार्याशी निगडित आहे. लालबागच्या सार्वजनिक गणपतीचा आरंभ १९३४ चा. तेथील कोळी व व्यापारी मंडळींस बाजारासाठी कायमची जागा हवी होती, आणि त्या मागणीशी ह्या उत्सवाची कथा जोडलेली आहे. देव आणि नागरी मागणी ह्यांची अशी सांगड आपल्याकडे नवी नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंस नागरिकत्वाचे शिक्षण होते. पण त्यात भेद होता. गिरगावच्या मुलाने शिकलेली सभेची भाषा कचेरीत चालत असे. गिरणगावच्या तरुणाने शिकलेली भाषा मोर्चात चाले, फाटकावर चाले, कचेरीच्या खिडकीशी मात्र ती अडखळे. एकाचा अर्ज स्वीकारला जाई. दुसऱ्यास आवाज चढवावा लागे, आणि मग आवाज चढविला म्हणून त्यास दोष दिला जाई.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा भेद काही काळ पुसला गेला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ जमलेल्या जनसमुदायावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच गिरगाव, लालबाग, परळ, दादर अशा सर्वच भागांत लोक रस्त्यावर आले आणि पुन्हा गोळ्या चालल्या. हुतात्म्यांची संख्या १०५ म्हणून सांगितली जाते. त्या वेळी मताधिकाराचे वय एकवीस होते. ते अठरावर आले १९८९ साली, घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने. म्हणजे १९५५-५६ च्या मोर्चांत चालणाऱ्या शाळा-महाविद्यालयांतील असंख्य मुलांस मत नव्हते. चाळीतील आणि वाडीतील मूल त्या काही महिन्यांत एकाच घोषणेने एकाच रस्त्यावर आले. १ मे १९६० रोजी राज्य झाले, आणि दोघे आपापल्या वस्तीत परतले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. संपाची मीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. मुलांच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम येथे पाहावयाचा आहे. गिरणीत नाव असणे हीच ज्या घराची ओळख होती त्या घराची ओळखच गेली. पुढे गिरण्यांच्या जमिनीवरील घरे कामगारांस सोडतीने देण्याचे ठरले. २८ जून २०१२ रोजी निघालेल्या सोडतीत ६,९२५ घरे होती, तर अर्ज सुमारे दीड लक्ष. अर्ज करताना बापाचे तिकीट क्रमांकाचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, राज्य विमा योजनेचा कागद असे काहीतरी लागे. बाप हयात नसल्यास वारसाचे नाते सिद्ध करावे लागे. संपानंतर कुटुंब गावी परतले असेल तर तो कागद कौलारू घराच्या आढ्याला, पिशवीत, उंदरांच्या तावडीत. ज्या मुलांनी बापाचा कागद जपला ती रांगेत उभी राहू शकली. ज्यांनी जपला नाही त्यांस बापाची तीस वर्षांची चाकरी सिद्ध करता येईना.

चाळीच्याही खाली एक पायरी होती : पदपथ. १९७६ साली मुंबईतील झोपड्यांची गणती होऊन छायाचित्रासह ओळखपत्रे देण्यात आली. पदपथावर राहणारी कुटुंबे त्या गणतीत नव्हती. १९८१ च्या पावसाळ्यात त्यांस हुसकण्याची मोहीम निघाली. त्यावरील दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग होय असे सांगितले, तथापि पूर्वसूचना देऊन हटविण्यास मुभाही ठेवली. त्याच वर्षी लालबागला लागून असलेल्या भायखळ्याच्या पदपथांवरील कुटुंबांची पाहणी ‘स्पार्क’ संस्थेने केली. ती माणसे कोणत्याच नोंदीत नाहीत, हेच तिचे मुख्य म्हणणे होते. पुढे झोपडीधारकांच्या पात्रतेसाठी आधी १ जानेवारी १९९५ व नंतर १ जानेवारी २००० ह्या तारखा आल्या. एका तारखेपूर्वी तेथे असल्याचा पुरावा असला तर घर, नसला तर काही नाही. अशा वस्तीतील मुलास दहाव्या वर्षीच कळते की आपण कोण आहोत ह्यापेक्षा आपल्याजवळ कोणता कागद आहे ह्यास अधिक महत्त्व आहे. शेजारच्या बहुमजली इमारतीतील मुलाची कहाणी उलट आहे. त्याच्या घरचा कोणताही अर्ज कोणीतरी परस्पर करून आणतो. त्यास कचेरी ठाऊक नसते, कारण त्याची गरज भासत नाही. लालबाग-परळच्या एकाच गल्लीत आज ही दोन्ही मुले राहतात.

मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. गावकऱ्यांच्या मंडळांत, व्यायामशाळांत, उत्सवाच्या कार्यकारिणीत मुलींस स्थान क्वचितच असे. चाळीतील मुलीचे सार्वजनिक जीवन म्हणजे नळ आणि सामाईक गॅलरी. महागाईविरुद्ध १९७२ नंतर मुंबईत स्त्रियांचे लाटणे-मोर्चे निघाले, मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर ह्यांनी त्यांचे नेतृत्व केले, तेव्हा आईबरोबर गेलेल्या कित्येक मुलींनी प्रथमच रस्ता आपला म्हणून पाहिला. नोंदीचा प्रश्न मुलींच्या बाबतीत अधिकच बिकट असतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील सुमारे अठ्ठावीस लक्ष स्त्रियांची नावे मतदार यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत घडला. पण आपल्याकडेही लग्नानंतर मुलीचे नाव व आडनाव दोन्ही बदलते आणि माहेरच्या शाळेचा दाखला सासरच्या शिधापत्रिकेशी जुळत नाही, हे प्रत्येक मुख्याध्यापकास विदित आहेच.

येथवर आल्यावर खेड्यातील शिक्षकाचा ह्या सर्वांशी संबंध काय, हे निराळे सांगावयास नको. मुंबईच्या खिडकीपुढे जो कागद ठेवला जातो तो पुष्कळदा आपल्या हातचा असतो. शाळेचे जनरल रजिस्टर हे गावातील सर्वांत दीर्घायुषी कागदांपैकी एक आहे. कवी नारायण सुर्वे (१९२६–२०१०) ह्यांस मुंबईतील गंगाराम सुर्वे ह्या गिरणी कामगाराने अनाथ अर्भक म्हणून घरी आणले, आपले नाव दिले आणि शाळेत घातले. पुढे पडेल ते काम करीत ते महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि परीक्षा देऊन तेथेच प्राथमिक शिक्षक झाले. जन्माचा कोणताही पुरावा नसलेल्या मुलास शाळेच्या पटाने नाव, वडील व तारीख दिली. हे सामर्थ्य लहान नाही.

आणि ह्या सामर्थ्याचा आपण कसा उपयोग केला? महाराष्ट्रातील एक जून ही तारीख पाहावी. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाचे नाव घालताना गुरुजी सोयीसाठी १ जून लिहीत, म्हणजे शाळा उघडताना वय बरोबर भरे. त्यामुळे दर वर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त होणाऱ्यांची गर्दी होते. गुरुजींचा हेतू चांगला होता. मूल शाळेत यावे एवढाच. परंतु ही अंदाजाची तारीख कोणाच्या वाट्यास आली? ज्या घरी पत्रिका मांडली जात असे त्या घरी नव्हे. ज्या घरी लिहिता-वाचता येत नव्हते त्याच घरी ती आली, आणि नोकरीची वयोमर्यादा, सैन्यभरती, निवृत्ती ह्यांत तिचा फायदा-तोटा त्याच घरांनी सोसला. गिरणीच्या डॉक्टरने दात पाहून वय ठरविणे आणि आपण उंची पाहून १ जून लिहिणे ह्यांत हेतूचा फरक मोठा आहे, पद्धतीचा फारसा नाही.

आता कायदा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही ह्या कारणाने कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही, आणि दुसऱ्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणूनही प्रवेश अडविता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातील दुरुस्ती लागू झाली असून त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी इत्यादींसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जाईल. ही मुले लवकरच आपल्या शाळांत येतील. ज्या वाडी-वस्तीवर प्रसूती घरी होते, ज्या कुटुंबांचा जन्म एका जिल्ह्यात आणि मुक्काम दुसऱ्या जिल्ह्यात होतो, तेथे दाखला राहून जाण्याचा धोका सर्वांत अधिक. अंगणवाडी सेविकेच्या साहाय्याने अशा मुलांची यादी आताच केली, तर पुढे एकाही मुलाची अडवणूक होणार नाही.

नोंदीनंतर प्रश्न येतो तो सवयीचा. शालेय मंत्रिमंडळ बहुतेक शाळांत असते. पण त्यात पाटलांचा मुलगा मुख्यमंत्री आणि वस्तीवरील मुलगा स्वच्छतामंत्री, ही वाटणी जेथे दर वर्षी आपोआप होते तेथे ते नसलेले बरे. त्याहून एक साधा उद्योग सुचवावासा वाटतो. शाळेजवळचा हातपंप नादुरुस्त आहे, रस्त्यावरील दिवा लागत नाही, असा खराखुरा विषय घ्यावा. वर्गाने मिळून ग्रामपंचायतीस अर्ज लिहावा. तो घेऊन जाणारी दोन मुले अशी निवडावी की ज्यांच्या घरचे कोणी त्या कचेरीत खुर्चीवर बसलेले नाही, आणि त्यांत एक मुलगी असावी. त्यांनी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागून घ्यावी. पोच मागण्यास आपल्याकडे प्रौढ माणसेही कचरतात. पंधरा दिवसांनी तीच मुले अर्जाचे काय झाले हे विचारावयास जातील. उत्तर नकाराचे आले तरी चालेल. ते लेखी आले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. तिच्या सभेचे इतिवृत्त वर्गात वाचून दाखविल्यास ज्या मुलीची आई सदस्य आहे तिला आपल्या आईचे नाव मोठ्याने वाचलेले ऐकावयास मिळेल.

संबोधनाचीही गोष्ट आहे. कचेरीतील कारकून एकास ‘आपण’ म्हणतो आणि दुसऱ्यास ‘अरे’ म्हणतो, हा भेद मूल फार लवकर टिपते. तो भेद वर्गात होत नाही ना, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे. काही मुलांस आपण नावाने हाक मारतो, काहींस आडनावाने, आणि क्वचित काहींस वस्तीच्या नावाने.

शेवटी, जी मुले सातवी-आठवीनंतर गावाबाहेर जातील त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या सूचना. मतदार यादीत नाव घालण्यासाठी पूर्वी १ जानेवारी ही वर्षातील एकच पात्रता-तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यास आगाऊ अर्ज करता येतो. अर्जाचा नमुना क्रमांक ६ होय. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यास तेथील पत्त्यावर नाव नोंदविता येते. ज्यास घरच नाही त्याच्या बाबतीत निवासाच्या कागदाचा आग्रह धरता येत नाही. तो जेथे झोपतो तेथे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री जाऊन खातरजमा करावयाची असते. ही शेवटची तरतूद मुंबईतही फार थोड्यांस माहीत आहे. शाळा सोडल्याचा दाखला देताना मुलाचे, वडिलांचे व आईचे नाव मराठीत आणि इंग्रजी वर्णांत आधार कार्डाशी ताडून लिहावे. तफावत आढळल्यास मूल शाळेत असतानाच दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा. शाळा सोडल्यानंतर हीच दुरुस्ती पुष्कळ अवघड होते, आणि तोपर्यंत ते मूल परळच्या किंवा आणखी कोठल्या एखाद्या खिडकीपुढे उभे असते.